एकेकाळचा पोप

फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहात दोनाटेल्लो आणि मिकेलोत्सो या शिल्पकारांनी घडवलेली एक समाधी आहे. तिच्यावरचा लॅटिन लेख सांगतो की येथे विसावलेला पुरुष म्हणजे योहानेस तेविसावा, 'क्वोंदाम पापा', अर्थात एकेकाळचा पोप. हा बाल्दासारे कोस्सा १४१९ साली वारला. रोमच्या आजच्या अधिकृत यादीत मात्र त्याला पोप म्हणून स्थान नाही. १९५८ साली निवडून आलेल्या रोन्काल्ली यांनी योहान हे नाव घेतले तेव्हा त्यांनी स्वतःला तेविसावाच म्हणवले. लेख म्हणतो, तो पोप होता. यादी म्हणते, कधीच नव्हता. या विसंगतीमागे सुमारे चाळीस वर्षांचा एक वाद उभा आहे.

वादाचा आरंभ १३७८ सालचा. १३०९ पासून आव्हिन्योंत राहिलेले पोपपद अकराव्या ग्रेगरीने १३७७ च्या जानेवारीत रोमला परत आणले आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये तो मरण पावला. रोममध्ये हजर असलेले सोळा कार्डिनल निवडणुकीसाठी एकत्र बसले. त्यांत बहुसंख्य फ्रेंच होते. बाहेर जमाव ओरडत होता : पोप रोमचा हवा, निदान इटालियन तरी हवा. ८ एप्रिलला कार्डिनलांनी बारीचा आर्चबिशप बार्तोलोमेओ प्रिन्यानो याला निवडले. तो कार्डिनल नव्हता. निवड जाहीर होण्यापूर्वीच जमाव आत घुसला, तेव्हा भेदरलेल्या कार्डिनलांनी तेबाल्देस्की या वृद्ध रोमन सहकाऱ्यालाच पोपची वस्त्रे चढवून लोकांपुढे उभे केले. पुढे शांतता झाली आणि प्रिन्यानोचा सहावा अर्बन म्हणून राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्यात हेच कार्डिनल सहभागी होते.

अर्बन तापट निघाला. कार्डिनलांच्या ऐषारामावर त्याने चारचौघांत कोरडे ओढले. उन्हाळ्यात फ्रेंच कार्डिनल अनान्यीला निघून गेले आणि त्यांनी जाहीर केले की निवड भीतीपोटी झाली होती, म्हणून ती रद्दबातल आहे. २० सप्टेंबरला फोंदी येथे त्यांनी जिनिव्हाच्या रॉबर्टला सातवा क्लेमेंट म्हणून निवडले. तो पुढे आव्हिन्योंत जाऊन राहिला.

येथे नेहमीच्या बंडखोरीहून निराळे काही घडले, असे आम्हास वाटते. पूर्वीही प्रतिपोप झाले होते, पण बहुधा एखाद्या सम्राटाच्या पाठबळावर. या वेळी दोन्ही निवडी बव्हंशी त्याच मतदारांनी केल्या होत्या. भीतीने दिलेले मत अवैध, हे तत्त्व दोन्ही पक्षांना मान्य होते. प्रश्न एवढाच होता की एप्रिलच्या त्या दिवशी कार्डिनलांच्या मनात नेमके काय होते? अर्बनचे समर्थक विचारत, भीती होती तर राज्याभिषेक कशासाठी केलात, नंतर त्याच्याकडे लाभाच्या नेमणुका कशासाठी मागितल्यात? विरोधक म्हणत, भीती जमाव पांगल्यावर संपत नाही.

कॅस्टीलच्या राजाने तर साक्षीपुरावे गोळा करवून मेदिना देल काम्पो येथे त्यांची छाननी केली आणि १३८१ मध्ये क्लेमेंटच्या बाजूने कौल दिला. पण फ्रान्सने क्लेमेंटला मानले म्हणून इंग्लंड अर्बनकडे गेले, आणि इंग्लंडशी वैर म्हणून स्कॉटलंड क्लेमेंटकडे. राज्यांच्या निष्ठांत राजकारण उघड दिसते. सत्पुरुषांच्या निष्ठांचे काय? सिएनाच्या कॅथरीनने अर्बनसाठी शेवटचा श्वास खर्ची घातला. व्हिन्सेंट फेररने आव्हिन्योंच्या बाजूने प्रचार केला. पुढे दोघांनाही चर्चने संतपद दिले. म्हणजे भाविकाने कोणाचे ऐकावे, याचे उत्तर पावित्र्याकडेही नव्हते. आमच्या मते या कथेतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच.

न्यायाधीशावरच खटला असेल तर निकाल कोणी द्यायचा? पोपवर निवाडा करणारा पृथ्वीवर कोणी नाही, हा कायदाशास्त्राचा जुना सिद्धान्त. १३९४ मध्ये पॅरिस विद्यापीठाने तीन मार्ग सुचवले : दोघांनी राजीनामे द्यावेत, लवाद नेमावा, अथवा सर्वसाधारण धर्मसभा भरवावी. १४०९ साली पिसाच्या धर्मसभेने दोन्ही पोपांना पदच्युत करून तिसरा, पाचवा अलेक्झांडर, निवडला. जुने दोघे हटले नाहीत, त्यामुळे पोप तीन झाले. अलेक्झांडरनंतर आला तो कोस्सा.

सम्राटपदाची आकांक्षा बाळगणाऱ्या झिगिस्मुंडच्या आग्रहाने १४१४ मध्ये कॉन्स्टन्स येथे धर्मसभा भरली. पुढल्या मार्चमध्ये कोस्सा वेषांतर करून पळाला. एप्रिलमध्ये सभेने ठराव केला की आपल्याला अधिकार थेट ख्रिस्ताकडून मिळाला आहे आणि पोपनेही तो मानला पाहिजे. मे महिन्यात तिने कोस्साला पदच्युत केले, जुलैत रोमच्या बाराव्या ग्रेगरीचा राजीनामा स्वीकारला, आणि दोनच दिवसांनी, ६ जुलैला, यान हुसला जिवंत जाळले. पोपलाही जाब विचारण्याचा अधिकार सांगणाऱ्या सभेला एका उपदेशकाने आपल्याला जाब विचारणे सोसले नाही.

ग्रेगरीच्या राजीनाम्यात एक खोच आहे. त्याच्या प्रतिनिधीने आधी सभेला ग्रेगरीच्या नावाने पुन्हा आवाहित केले आणि मगच राजीनामा वाचला. सभेने हा सोपस्कार चालवून घेतला. तिच्या दृष्टीने ती शांततेसाठी दिलेली सवलत होती. रोमच्या पुढच्या इतिहासकारांनी मात्र त्याच धाग्यावर रोमची अखंड परंपरा ओवली. १४१७ मध्ये आव्हिन्योंच्या परंपरेतला तेरावा बेनेडिक्टही पदच्युत झाला. ११ नोव्हेंबरला तेवीस कार्डिनल आणि पाच 'राष्ट्रां'चे तीस प्रतिनिधी यांनी पाचव्या मार्टिनला निवडले. बेनेडिक्ट पेनिस्कोलाच्या किल्ल्यात १४२३ पर्यंत, मरेपर्यंत, स्वतःला पोप म्हणवत राहिला.

यादीतही या तडजोडीचे व्रण दिसतात. कोस्साचा क्रमांक पुन्हा वापरला गेला, पण त्याच पिसा परंपरेतल्या पाचव्या अलेक्झांडरचा नाही : १४९२ मध्ये बोर्जा स्वतःला सहावा म्हणवू लागला. वाङ्मयेतिहास शिकवताना आम्हीही अशाच याद्या हाताळतो आणि त्या जणू आरंभापासून तशाच होत्या असे मानतो. अधिकृत यादी हा निकाल असतो, पुरावा नव्हे. १३८० साली कोण्या गावच्या पाद्र्याला प्रार्थनेत कोणत्या पोपचे नाव घ्यायचे हे ठरवावे लागे, तेव्हा त्याच्या हाती ही यादी नव्हती. त्याची अडचण समजून घ्यायची तर यादी बाजूला ठेवून आधी समाधीवरचा तो एक शब्द वाचावा लागेल.