ध्येयदृष्टी : संघनेतृत्वातील स्थान

ध्येयदृष्टी : अनेकांनी मिळून करायच्या कामातून शेवटी काय उभे राहायचे, ते केव्हा आणि कोणत्या बाबतीत तडजोड करायची नाही, याची नेत्याने ठरवलेली व संघातल्या प्रत्येकापर्यंत पोहोचलेली नेमकी कल्पना. तिची खरी कसोटी कामाच्या जागी लागते. मुख्यालयापासून दूर असलेला अधिकारी दरवेळी वर न विचारता योग्य निर्णय घेऊ शकत असेल, तर ध्येयदृष्टी स्पष्ट आहे असे म्हणता येते. कोकण रेल्वेच्या उभारणीत (१९९०–९८) हे ठळकपणे दिसते.

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली आणि ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा सुमारे ७४० कि.मी.चा मार्ग सह्याद्रीच्या सोंडा, खाड्या आणि भातखाचरे ओलांडत जाणार होता. त्यासाठी पाच वर्षांची मुदत ठरली. मार्ग ताशी १६० कि.मी. वेगाला योग्य असावा, वळणाची त्रिज्या १,२५० मी.पेक्षा कमी नसावी आणि चढ १५० ला १ पेक्षा तीव्र नसावा, हे निकषही आखले गेले. या आकड्यांनी ध्येय थेट जमिनीवर उतरवले. डोंगर आडवा आला की त्याला वळसा घालण्याचा मोह आपोआप बाद होई आणि बोगदा खणणे भाग पडे. त्यातूनच ९० हून अधिक बोगदे, करबुडे येथील साडेसहा कि.मी.चा बोगदा आणि रत्नागिरीजवळचा ६४ मी. उंचीचा पानवल पूल उभे राहिले. मार्गाचे सात विभाग करून प्रत्येकावर स्वतंत्र मुख्य अभियंता नेमण्यात आला. उरलेले दिवस दाखवणारी उलट मोजणीची घड्याळे कार्यालयांत लावली गेली. ध्येय सर्वांना सारखेच माहीत असल्यामुळे अधिकारांची ही वाटणी पेलवली. अन्यथा सात विभागांचे काम सात दिशांना गेले असते.

यावर पहिला आक्षेप असा की, यशाचे खरे कारण पैसा आणि राजकीय पाठबळ हे होते. त्यात तथ्य आहे. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना प्रकल्पाला गती मिळाली. रेल्वेचा ५१ टक्के व चार राज्यांचा उरलेला वाटा, शिवाय कर्जरोखे, यांतून निधी उभा राहिला. परंतु कोकणात रेल्वे नेण्याची इच्छा त्याआधीही होती आणि दंडवते स्वतः १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. तरीही दिव्याहून निघालेला मार्ग रोह्याला पोहोचायला १९८६ उजाडले. वर्षाच्या तरतुदीपुरते सरकणारे काम आणि शेवट ठरवून मागे आखत आणलेले काम यांतला फरक इथे स्पष्ट होतो. पाठबळाने काम शक्य केले, पण त्याला दिशा ध्येयदृष्टीने दिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ध्येय फार ठाशीव असले की त्याबाहेरचे दिसेनासे होते. गोव्यात खाजण जमिनी आणि वारसास्थळे यांच्या काळजीतून आखणीला मोठा विरोध झाला व काम काही काळ थांबले. पेडण्यासारख्या ठिकाणी मऊ मातीतले बोगदे पुन्हापुन्हा ढासळले. १९९३ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत गेलेला हा मार्ग अखंडपणे २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला, म्हणजे मूळ मुदत पाळली गेली नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेल्या अपघातात ५० हून अधिक प्रवासी दगावले. ही किंमत विसरता येत नाही. मात्र तिच्यावरचा उपाय ध्येय धूसर ठेवणे हा नाही. संदिग्ध ध्येयामुळे कोणती बाजू सुटली हेसुद्धा कळत नाही. स्पष्ट ध्येयातली उणीव मात्र बोट ठेवून दाखवता येते आणि दुरुस्त करता येते. पावसाळ्यात कमी वेगाचे स्वतंत्र वेळापत्रक, दरडींवरच्या जाळ्या आणि रुळांवरची गस्त यांमुळे सुरक्षितता हा वेगाइतकाच पक्का निकष बनला.

म्हणून ध्येय ठरवताना 'कधी पूर्ण होणार' याबरोबरच 'पूर्ण झाल्यावर कसे चालणार' आणि 'त्याची झळ कोणाला बसणार' हेही त्यात घालणे नेत्याचे कर्तव्य ठरते. संघ नेत्याच्या शब्दांवर विसंबून काम करतो. त्या शब्दांतून जे वगळले जाते त्याची जबाबदारीही नेत्याचीच असते.