पडद्याआडची साक्ष

लोणावळा-खंडाळा म्हटलं की धुकं, चिक्की आणि वीकेंडची गर्दी. सुजाता मॅसीच्या ‘द सातापूर मूनस्टोन’ (२०१९) या कादंबरीत मात्र परवीन मिस्त्री ही पारशी वकील याच सह्याद्रीच्या पावसात, एका काल्पनिक संस्थानात पोचते. राजवाड्यातल्या दोन राण्या पडद्यात आहेत, परपुरुषाशी बोलत नाहीत. परवीनचं बाई असणं, हीच तिथली किल्ली.

बोट्स्वानातली प्रेशस रामोत्स्वे (१९९८) अशीच. वडिलांची गुरं विकून ती डिटेक्टिव्ह एजन्सी काढते आणि चहा पाजत माणसांना बोलतं करते.

परवीनमागे एक खरी बाई आहे: नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. ऑक्सफर्डला त्यांनी कायद्याची परीक्षा दिली १८९२ मध्ये. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. मधल्या काळात, १९०४ पासून, त्या बंगाल-बिहारच्या जनानखान्यांत जाऊन पडदानशीन विधवांचे मालमत्तेचे तंटे समजून घेत होत्या.

कादंबरीतलं रहस्य शेवटी उलगडतं. जनानखान्यातलं रहस्य साधंच होतं: ज्या कागदावर बाईचा अंगठा घेतला, तो तिला कुणी वाचून दाखवला होता का?