बेकारभत्ता सरहद्दीपलीकडे

गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक संपल्यावर चहा घेताना एका सभासदांनी आम्हाला विचारले, "कंपनीने कमी केलंय. इथला भत्ता चालू ठेवून तीन महिने जर्मनीत नोकरी शोधता येईल ना? पूर्वी एक फॉर्म मिळायचा." मिळायचा, हे खरे. तो कसा आला नि कसा गेला, हे सर्वांसाठी लिहून काढतो.

ब्रिटनमध्ये बेकारीचा विमा १९११ च्या कायद्याने आला. आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात फार तर १५ आठवडे, तेही बांधकाम, जहाजबांधणी अशा मोजक्या धंद्यांना. काम शोधतो आहोत याचा पुरावा म्हणजे लेबर एक्स्चेंजमधली हजेरी. (ती एक्स्चेंजेस उभी करणारे बेव्हरिजसाहेब जन्माने बंगालमधल्या रंगपूरचे!) हजेरी इथली, म्हणून भत्ताही इथलाच.

ही गाठ सैल केली युरोपच्या १४०८/७१ या नियमाने. तो ऑक्टोबर १९७२ पासून अमलात आला आणि १९७३ मध्ये ब्रिटन सामील झाल्यावर इथेही लागू झाला. फॉर्मचे नाव ई-३०३. नोकरी गेल्यावर आधी चार आठवडे इथे नोंद हवी, तिकडे गेल्यावर सात दिवसांत नोंद हवी, मुदत तीन महिने. मुदतीत परतला नाहीत तर उरलेला भत्ताही बुडाला. १९८० मध्ये टेस्टा खटल्यात उशिरा परतलेल्यांनी दाद मागितली. युरोपीय न्यायालयाने नियम कायम ठेवला, मात्र किती दिवस उशीर झाला आणि का, हे कार्यालयाने पाहावे असे सांगितले.

आता आपल्या घरातली गोष्ट. २००३ पर्यंत ही सोय मुख्यतः युरोपीय नागरिकांनाच होती. एकाच प्रयोगशाळेत, एकाच पगारावर दोघे. नॅशनल इन्शुरन्स दोघांचा सारखाच कापला जाई, पण भारतीय पासपोर्टवाल्याला ई-३०३ नाही. १ जून २००३ पासून हक्क मिळाला, पण तिकडे राहून काम शोधायचा व्हिसा त्यात नव्हता. फॉर्म हातात, दार बंद!

१ मे २०१० पासून नवा नियम आणि यू-२ फॉर्म आला. मुदत सहा महिन्यांपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली. बिगर-युरोपीयांना तो लागू करणाऱ्या कायद्यात ब्रिटन सामील झाले नाही, त्यामुळे आपले भारतीय पासपोर्टवाले जुन्याच ई-३०३ वर राहिले. रसायनशास्त्रात इतकी वर्षे काढूनही एवढे पोटनियम आम्ही कुठे पाहिले नव्हते.

३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला. नव्या करारात भत्ता सोबत नेऊन काम शोधण्याची सोय नाही. काही जुने अपवाद सोडले तर उत्तर "नाही" असेच आहे, आणि तेच आम्ही त्या सभासदांना सांगितले. त्यांनी विचारले, "आणि इतकी वर्षं कापलेले पैसे?" ते इथल्या खात्यावर जमा आहेत, भत्ताही इथे राहूनच मिळेल.

कुणाच्या फायलीत जुना ई-३०३ असल्यास नाव-पत्ता झाकून त्याची झेरॉक्स मंडळाकडे द्यावी.