पंचातला पाचवा जिन्नस

घरी कॉकटेल ढवळायला शिकायचं हा माझा या वर्षीचा संकल्प. (जिमचा संकल्प फेब्रुवारीतच बारगळला होता, म्हणून हा.) मुहूर्त लागला तो किहीमला. जुलै महिना, आम्ही तिघे मित्र, वाडीतलं भाड्याचं घर आणि बाहेर असा पाऊस की समुद्रावर जायचं नाव नको. शेकर नाही, मोजमापाचा पेला नाही. एक स्टीलचं पातेलं, पळी, लिंबं, साखर, जायफळ आणि एक रमची बाटली. एवढ्या भांडवलात जमण्यासारखं एकच पेय होतं, ते म्हणजे पंच.

"अरे, पंच म्हणजे आपलं पाच! शब्द आपलाच आहे," एक मित्र छाती फुगवून म्हणाला. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. झाले पाच. मलाही लगेच पटलं. पण धंद्याची सवय वाईट. घरी आल्यावर जुने लॉग तपासायला बसलो आणि बग सापडला!

पाचाचा हा हिशोब जॉन फ्रायरचा. हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७०च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर हिंडला. त्याचं पुस्तक १६९८ साली लंडनला छापलं गेलं. पाच जिनसांवरून नाव पडलं असं त्याने लिहिलं आणि पुढचे सगळे तेच कॉपी-पेस्ट करत आले. पण शब्द त्याच्या आधीचा आहे. १६३२ साली तो कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात येतो, आणि ते पत्र पूर्व किनाऱ्याकडचं आहे. १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने या पेयात काय काय असतं ते दिलंय : दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजा. चार!

माझा लाडका पुरावा मात्र १६९४चा, थेट मुंबईतला. सरकारी हुकूम असा, की खानावळीत पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबाचं पाणी मागता येईल, आणि आपला पंच त्याने आपणच करून घ्यावा. आजच्या मापात साधारण ९५० मिली, २२५ ग्रॅम आणि २४० मिली. म्हणजे घरगुती मिक्सिंगची हौस काही आपण लावलेला शोध नव्हे. पण जिनसा इथे तीनच! काही अभ्यासक तर हा शब्द 'पंचन' या दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला असं मानतात. थोडक्यात, 'पाच'ची केस सिद्ध झालेली नाही.

मित्र हिरमुसला. पण मला वाटतं, आपण भलत्याच गोष्टीचा अभिमान धरून बसलो होतो. शब्द कुणाचा का असेना, त्या हुकुमातला पहिला जिन्नस बघा. गोव्याचा अरक म्हणजे काय, तर माडी गाळून केलेली दारू. माडावर चढायचं, न उमललेली पोय बांधायची, टोक कापून मडकं लावायचं, पुन्हा सकाळ-संध्याकाळ चढायचं. रस काही तासांतच आंबू लागतो. तो भट्टीवर गाळला की झाला अरक. कोकणात हे काम भंडाऱ्यांचं, गोव्यात रेंदेरांचं. फ्रायरचं नाव राहिलं, मांडेल्स्लोचं राहिलं. माडावर चढणाऱ्याचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही.

पुढे १८७८चा अबकारी कायदा आला. दारू गाळणं सरकारच्या मुठीत गेलं, माडी काढण्यावर कर बसला. १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. नंतर बंदी सैल झाली खरी, पण अलिबागच्या दुकानात मी माडाची दारू मागितली तेव्हा दुकानदार नुसता हसला आणि रम पुढे सरकवली. गोव्यात माडाची फेणी अजून होते. इथे आमच्या डोक्यावर पन्नास माड, आणि पातेल्यात उसाच्या मळीची दारू!

असो. आता ढवळण्याचं. पहिली चूक मी केली ती म्हणजे साखर रममध्ये टाकली. पळी फिरवून हात दुखला, साखर तळाशी तशीच. दारूत साखर नीट विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून आधी लिंबाचा रस आणि साखर, अगदी आई सरबत करते तस्संच. मग रम, मग पाणी, वरून किसलेलं जायफळ.

बर्फ सगळ्यात शेवटी. फ्रायरच्या काळात तो नव्हताच. जहाजातून अमेरिकेचा बर्फ मुंबईत उतरला तो १८३४ साली. तोपर्यंत ढवळायचं ते विरघळवण्यासाठी. बर्फ आल्यावर ढवळण्याला दुसरं काम मिळालं : गार करणं आणि हळूहळू पाणी सोडणं. हल्ली कॉकटेल अर्धा मिनिट ढवळतात ते याच हिशोबाने. कमी ढवळलं तर जळजळीत, जास्त ढवळलं तर पांचट.

तिसऱ्या खेपेला जमलं. पाऊस थांबला होता, माडांवरून पाणी ठिबकत होतं. मित्राने पेला वर केला आणि विचारलं, "मग पाचवा जिन्नस कोणता?"

मी वर बोट दाखवलं. तोच तेवढा पातेल्यात नव्हता.