आंबोलीच्या रानातला आवाज

आंबोली म्हटले की आज धबधबे आणि धुके आठवते. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी मात्र याच घाटमाथ्यावरच्या रानातून एक गुप्त रेडिओ केंद्र बोलू लागले. त्याचे श्रोते सरहद्दीपलीकडे, पोर्तुगिजांच्या गोव्यात होते.

तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. १५१० साली अल्बुकर्कने गोवा जिंकला, तो दिवसही २५ नोव्हेंबरच.

सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, तो १९८१ मधला. सावंतवाडीचा हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण गेले. बांद्याजवळच्या पत्रादेवीला पंजाबचा करनैलसिंग बेनिपाल पडला. त्यानंतर भारताने सीमा बंद केली. गोव्यातली वृत्तपत्रे सेन्सॉरच्या कात्रीतून बाहेर पडत आणि हवेत आवाज होता तो सरकारी ‘एमिसोरा द गोवा’चा. माणसाला सीमा ओलांडणे अवघड झाले होते. ध्वनिलहरींना तेवढी मोकळीक होती.

ती मोकळीक वापरली वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली मुक्त झाली, तेव्हा स्वयंसेवकांच्या हाती पोर्तुगिजांचे दोन बिनतारी संच लागले होते. त्यांतूनच हे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. म्हणजे सालाझारचेच यंत्र सालाझारविरुद्ध बोलू लागले! केंद्राला नावे दोन: पोर्तुगीजमध्ये ‘वॉझ द लिबेरदाद’, कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’.

भाषांची ही निवड मोठी शहाणपणाची होती. कोकणी घराघरांत पोहोचे. पोर्तुगीजमधले शब्द थेट राज्यकर्त्यांच्या आणि त्यांच्या शिपायांच्या कानी पडत. सरकारी प्रचाराचा प्रतिवाद, भारताच्या संसदेत गोव्याविषयी झालेली भाषणे, आशिया-आफ्रिकेतल्या स्वातंत्र्यलढ्यांच्या वार्ता, असा मजकूर असे.

गुप्त रेडिओ म्हटला की १९४२ ची मुंबई आठवते. उषा मेहता आणि सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ पोलिसांना चुकवत जागा बदलत राहिला, तरी नोव्हेंबरात पकडला गेला. जेमतेम तीन महिन्यांचे आयुष्य. आंबोलीच्या केंद्राला सीमेचे संरक्षण होते. पण सुखाचे आयुष्य तेही नव्हे. घाटातला पाऊस, जळवा, साप आणि नागर वस्तीपासून तुटलेपण यांत राहून रोज मजकूर तयार करायचा, वाचायचा आणि कोण ऐकते आहे हे मात्र कळायचे नाही. हे एकदोन आठवडे नव्हे, सुमारे सहा वर्षे चालले. काही काळानंतर केंद्र आजच्या कर्नाटकातील कॅसलरॉकला हलले. तेही गोव्याच्या वेशीवरचेच रान.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. दुसऱ्या दिवशी पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. रानात लपून बोलणारे ते दोघे त्या दिवशी विमानात बसले आणि ४५१ वर्षांची राजवट संपल्याची वार्ता त्यांनी ध्वनिवर्धकावरून, गोव्याच्या माथ्यावरून, उघड दिली.