मोरचुदाची कुळकथा

दौलताबादच्या द्राक्षांची कीर्ती जुनी. इथल्या द्राक्ष-डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते, असे चौदाव्या शतकात इब्न बतूता लिहून गेला. त्या वेलींना मोरचूद ठाऊक नव्हते. आज संभाजीनगरकडच्या बागांत ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकली, की खोड-ओलांडे मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाने निळसर होतात.

नाव फ्रान्सच्या बोर्डो शहराचे. अमेरिकेतून आलेला केवडा रोग, म्हणजे आपला डाऊनी, 1878 मध्ये तिथल्या वेलींवर दिसला. 1882 च्या ऑक्टोबरात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातून जाताना थबकले. बागेची पाने झडलेली, रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या! चौकशीत कळले, वाटसरू घड तोडतात म्हणून बागवान त्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे पाणी शिंपडत. निळे डाग पाहून चोराला विषाची धास्ती बसे. बुजगावण्याचेच औषध झाले. 1885 मध्ये मिलार्दे यांनी ते जाहीर केले.

आपल्याकडची एक टक्क्याची कृती सोपी. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत कालवून मग एकत्र ओतायचे; लोखंडी भांडे वर्ज्य. शेवटी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला.

अमरकोशात मोरचुदाला ‘शिखिग्रीव’, मोराची मान, म्हटले आहे. तो रंग पावसाने जातो, तांबे जात नाही. मोरचुदात तांब्याचा वाटा सुमारे चौथाई. हेक्टरी 1000 लिटर फवारले, की अडीच किलो तांबे बागेत आले. ते कुजत नाही. मातीच्या वरच्या थरातल्या सेंद्रिय पदार्थाला धरून बसते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत मुळांना ते कमी लागू होते, तरी साठा वाढतो आणि गांडुळांना बाधतो. म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलोंची, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलोंची मर्यादा घातली. वरच्या हिशेबाने दोन फवारण्यांतच वर्षाची सरासरी ओलांडली जाते.

मृदा आरोग्य पत्रिकेतल्या 12 घटकांत तांबेही आहे. तो रकाना कमतरता कळावी म्हणून ठेवलेला. जुनी बाग असलेल्याने तो उलट अंगाने वाचावा आणि मगच पुढच्या छाटणीला मोरचूद आणावे.