लिंग-वचनाचा मेळ

नामाचे लिंग आणि वचन त्याच्या सोबतच्या विशेषणात, सर्वनामात व क्रियापदात उमटणे, याला लिंग-वचनाचा मेळ म्हणतात. स्पॅनिशमध्ये काळा वळू ‘तोरो नेग्रो’, काळी गाय ‘वाका नेग्रा’, काळे वळू ‘तोरोस नेग्रोस’ आणि काळ्या गाई ‘वाकास नेग्रास’. मराठी विशेषणही असेच बदलते. शिवाय मराठीकडे वासरासारखी नपुंसकलिंगी नामे असल्यामुळे ‘काळं’ हे आणखी एक रूप लागते. व्याकरणाच्या पुस्तकांत हा विषय बहुधा एका कोष्टकात उरकतो. नामाला लिंग असते आणि विशेषण त्याच्यामागून चालते, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष बोलणे तपासले तर गोष्ट उलट दिसते. लिंग नामाच्या अंगी नसते, ते मेळात असते. आणि मेळाची रूपे कानाला वेगळी लागतात तोवरच ते भाषेत टिकते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे भातशेतीचे तालुके. तिथल्या रोजच्या बोलण्यातले बांध, दगड, बैल, डोंगर हे शब्द अनेकवचनात जसेच्या तसे राहतात. बांध एक की चार, हे नाम सांगतच नाही. ‘फुटका बांध’ आणि ‘फुटके बांध’ यांतला फरक विशेषणानेच कळतो. स्पॅनिश नाम अनेकवचनाचा ‘स’ बहुधा स्वतः घेते, तरी विशेषण तो पुन्हा घेते. मराठीत अशा नामांपुरते वचनाचे सारे ओझे विशेषणावर आणि क्रियापदावर आहे. लिंगाचेही तेच. खुद्द ‘गाव’ हा शब्द घ्या. ‘माझा गाव’ म्हणणारा आणि ‘माझं गाव’ म्हणणारा, दोघेही बरोबर. शब्द तोच, अर्थ तोच. लिंग ठरले ते ‘माझा’ किंवा ‘माझं’ उच्चारल्यावर. वेळ, बाग, तंबाखू, ढेकर यांची नावे शालेय व्याकरणात अपवाद म्हणून येतात, पण लिंग राहते कुठे हे सर्वांत स्वच्छ दाखवणारे शब्द हेच आहेत. स्पॅनिशमध्ये समुद्र एरवी पुल्लिंगी, ‘एल मार’. दर्यावर्दी आणि कोळी मात्र त्याला स्त्रीलिंगी, ‘ला मार’, म्हणतात.

यावर पहिला आक्षेप असा की लिंग अर्थावरून ठरते, मेळ फक्त ते दाखवतो. गाय आणि बैल यांच्यापुरते हे खरे आहे. पण धान्याची कणगी लहान आणि कणगा मोठा. सुरी लहान, सुरा मोठा. म्हणजे मराठीत मोठेपण पुल्लिंगाकडे झुकते. स्पॅनिशमध्ये घरामागची लहान बाग ‘वेर्तो’ पुल्लिंगी, तर विस्तीर्ण बागायत ‘वेर्ता’ स्त्रीलिंगी. साचलेले डबके ‘चार्को’ आणि त्याहून मोठे तळे ‘चार्का’. जगातल्या वस्तूंनी लिंग ठरवले असते, तर दोन भाषांत आकाराचा कल असा उलटा झाला नसता. कोकणीत तरुण मुलीसाठी नपुंसकलिंग वापरतात, हेही इथे आठवावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लिंग शब्दाच्या शेवटच्या स्वरावरून ठरते. पोर्तुगीज शब्द या बाजूने साक्ष देतात. वसईवर 1534 ते 1739 या काळात पोर्तुगीजांचा अंमल होता आणि कोकणपट्टीतून त्यांचे कितीतरी शब्द मराठीत रुजले. ‘बटाटा’ मूळ भाषेत स्त्रीलिंगी. मराठीत आकारान्त म्हणून पुल्लिंगी झाला. ‘गामेला’ही स्त्रीलिंगी, इथे तिचे ‘घमेलं’ झाले आणि लिंग नपुंसक. शेवटचा स्वर लिंगाला ओढतो, हे मान्यच करावे लागते. पण तो ठरवत नाही. हत्ती, मोती, पाणी, दही हे ईकारान्त असून स्त्रीलिंगी नाहीत. स्पॅनिशमध्ये ‘मानो’, म्हणजे हात, ओकारान्त असून स्त्रीलिंगी आणि ‘दीआ’, म्हणजे दिवस, आकारान्त असून पुल्लिंगी. ज्यांना शेवटचा स्वरच नाही त्या उसन्या शब्दांचे काय? कसारा लोकल ‘आली’, ट्रक ‘आला’, टेबल ‘मोडलं’. लोकल स्त्रीलिंगी, कारण तिच्या पाठीमागे ‘गाडी’ उभी आहे. स्पॅनिश ‘मोतो’ ओकारान्त असून स्त्रीलिंगी, कारण ते ‘मोतोसिक्लेता’ची शेपटी तोडून उरलेले रूप आहे. दोन्ही ठिकाणी शब्दाच्या रूपावरून लिंग कळत नाही आणि बोलतो तो मेळ.

मेळाची रूपे एकसारखी झाली की काय होते, याचे उत्तर दोन्ही भाषांच्या इतिहासात आहे. स्पॅनिश जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये तीन लिंगे होती. बोलीत ‘उस’ आणि ‘उम’ हे पुल्लिंगी व नपुंसकलिंगी शेवट झिजून दोन्हींचा ‘ओ’ झाला, आणि नपुंसकलिंगाला स्वतःची खूण उरली नाही. त्याची एकवचनी नामे बहुतेक पुल्लिंगात गेली. काहींचे ‘आ’कारान्त अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचन समजले गेले, ‘ओखा’ म्हणजे पान हे त्यातलेच. जिथे खूण वाचली तिथे लिंगही वाचले: ‘लो’, ‘एस्तो’, ‘एसो’ या शब्दांत स्पॅनिशचे नपुंसकलिंग अजून जिवंत आहे. हिंदीतही पुल्लिंगी व नपुंसकलिंगी शेवट ‘आ’त मिसळले आणि ‘सोना’, ‘केला’ पुल्लिंगी झाले. मराठीत ‘एं’ वेगळा राहिला, म्हणून ‘सोनं’, ‘केळं’ नपुंसकलिंगी. गुजरातीत ‘सोनुं’, ‘केळुं’ त्याच कारणाने.

इथे मराठी लेखन आडवे येते. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले. ‘मोठें झाड’ हे ‘मोठे झाड’ झाले, म्हणजे ‘मोठे दगड’ याच्यासारखेच दिसू लागले. ‘मोठीं तळीं’ आणि ‘मोठी विहीर’ यांतल्या विशेषणांचा दिसणारा फरकही गेला. तरी नपुंसकलिंग गेले नाही. हा माझ्या म्हणण्याला छेद नाही: कागदावर रूपे मिसळली, तोंडात ‘मोठं’ आणि ‘मोठे’ वेगळेच राहिले, आणि जिथे बोलण्यातही ‘मोठी’ एकच आहे, तिथे ‘मोठी विहीर’ची ‘मोठ्या विहिरी’ आणि ‘मोठी तळी’चे ‘मोठं तळं’ वाट दाखवतात. विभक्ती लागली की मात्र सगळी लिंगे ‘मोठ्या’त एक होतात: मोठ्या बैलाला, मोठ्या गाईला, मोठ्या वासराला.

मग मेळ हवाच कशाला? बंगाली त्याच्यावाचून चालते, आणि मराठीतही ‘सुंदर’, ‘लाल’ ही विशेषणे कधी बदलत नाहीत. बंगालीने इतर सोयी केल्या आहेत, यात शंका नाही. पण मराठीत मेळामुळे नाम गाळता येते. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या जत्रेत गुरांचा मोठा बाजार असतो. अशा बाजारात ‘तांबडा’, ‘तांबडी’, ‘तांबडं’ एवढे म्हटले की बैल, गाय की वासरू हे समजते. ‘लाल’ म्हटले तर समजणार नाही. तेव्हा ते काम ‘कितीला दिली?’ या क्रियापदाकडे जाते. मेळ टळत नाही, जागा बदलतो.

माणसांच्या बाबतीत तो सर्वांत सजग असतो. ‘तो माणूस आला’, पण ‘माणसं आली’: एकवचनात पुल्लिंग, अनेकवचनात नपुंसक, कारण त्या माणसांत बायका आणि मुलेही धरलेली असतात. 2011 पासून महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यामुळे ‘सरपंच आल्या’ हे वाक्य गावोगाव रुळले. स्पॅनिशने महापौरासाठी ‘आल्काल्दे’ला ‘आल्काल्देसा’ असे वेगळे नाम दिले. मराठीने ‘सरपंच’ हा शब्द तसाच ठेवला आणि बदल क्रियापदावर सोपवला.